चार तासांचं पत्रक

तुमच्या गावच्या मैदानाची किल्ली कोणाच्या खिशात असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मला ठाऊक होतं. सावद्याहून रावेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव आहे आणि गावच्या शाळेला चांगलं मोठं मैदान आहे. चारी बाजूंनी भिंत, पुढे लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. किल्ली शाळा समितीच्या अध्यक्षांच्या शर्टाच्या वरच्या खिशात. ते वाकले की ती खिशातून डोकावायची आणि ते तिला बोटाने परत आत ढकलायचे.

आम्ही सहा बायका पहाटे चालायला, पळायला जायचो. मैदान बंद म्हणून रस्त्यावर. त्या रस्त्याने पहाटे केळीचे ट्रक निघतात. कडेला पायवाट नाही, एका बाजूला नाली आणि दुसऱ्या बाजूला बागेचं कुंपण. एके सकाळी एका ट्रकाचा आरसा अक्काच्या कोपराला लागला आणि ती नालीत पडली. अक्का म्हणजे आमच्यातली सगळ्यांत मोठी, अंगणवाडीत मदतनीस. आम्ही तिला बाहेर काढलं तेव्हा ती हसत होती. "माय वं, ट्रकाले बी माह्याशीच बोलायचं व्हतं का?" हात मात्र महिनाभर गळ्यात होता.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे रांगेत चालायचा नियम केला. सगळ्यांत हळू चालणारी, म्हणजे अक्का, पुढे. तिच्या चालीने बाकीच्या. आणि सगळ्यांत जोरात पळणारी, म्हणजे मी, सगळ्यांत मागे. माझ्या हातात बॅटरी. बॅटरीच्या काचेवर लाल कागद रबराने बांधलेला, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला पुढे माणसं आहेत हे दुरून कळावं. तो कागद आमच्या घरातल्याच एका जुन्या पत्रकाचा होता. आमच्या घरात दुसरा कागद नसायचाच.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदान सकाळी दोन तास उघडावं अशी मागणी केली.

पत्रकांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर माझी चूक तुम्हाला कळणार नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ट्रकांत केळीचे घड भरणाऱ्या मजुरांच्या संघटनेचं काम करत. तीस वर्षं त्यांनी पत्रकं लिहिली. गुलाबी, पिवळी, लाल, पातळ कागदाची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. फडताळात खाली पत्रकं, वह्यांना कव्हर पत्रकांची, पोळ्यांच्या डब्यातही तळाशी "कामगार बंधूंनो". आईने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली की वासावरून मला कळायचं, आज भिंतींवर काहीतरी लागणार. मी दहा वर्षांची असल्यापासून नानांच्या मागे खळीचं डबडं घेऊन फिरले आहे.

नानांचे पत्रकाचे नियम होते. पहिली ओळ प्रश्न असावी, कारण प्रश्न वाचून माणूस थांबतो. शेवटच्या ओळीत काम सांगावं, नाहीतर ते पत्रक नव्हे, रडगाणं. आणि तिसरा नियम त्यांनी कधी तोंडाने सांगितला नाही. तो मला फार उशिरा कळला.

तर मागणी. मी अर्ज लिहिला, सहाही जणींनी सह्या केल्या आणि गावच्या सभेत मी तो वाचून दाखवला. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मैदान पोरांच्या खेळासाठी आहे. पाच-सहा बायांच्या फिरण्यासाठी फाटक उघडं ठेवलं तर उद्या गाई शिरतील."

"गाई कुलूप वाचतात का, भाऊ? फाटक लोटून घेतलं की पुरे," मी म्हणाले.

लोक हसले. ते हसणं त्यांना लागलं असावं.

"तुम्ही फिरता की पळता?"

"पळतो."

"मग पळून दाखवा. माझा पुण्याचा भाचा बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पळाला. चार तास दोन मिनिटं लागली त्याला. तुम्ही चार तासांच्या आत पळून दाखवा. किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन."

सभेत शिट्टी वाजली. कोणीतरी मागून म्हणालं, "दे टाळी!" अक्काने माझ्या पदराला, म्हणजे ओढणीला, खालून हिसका दिला. तो हिसका मला अजून आठवतो. त्याचा अर्थ होता, बस खाली, याच्या नादी लागू नको. मी बसले नाही.

"चार तासांच्या आत," मी म्हणाले. "लिहून घ्या."

आणि त्यांनी लिहून घ्यायच्या आधी मीच लिहिलं. दुसऱ्या दिवशी पत्रक तयार होतं. "मैदानाची किल्ली कोणाची?" ही पहिली ओळ. मग सगळी हकीकत. मग ठळक अक्षरांत: "मी येत्या हिवाळ्यात धुळ्याच्या मॅरेथॉनमध्ये बेचाळीस किलोमीटर चार तासांच्या आत पळेन. मी ही अट स्वीकारली आहे. मी पळून दाखवीन आणि किल्ली घेईन."

सावद्याला डीटीपीवाल्याकडून आणलेलं प्रूफ मी नानांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं. सगळं वाचलं. एकही चूक दुरुस्त केली नाही. फक्त तीन ठिकाणी 'मी' या शब्दाभोवती गोल काढले आणि कागद मला परत दिला.

"काय झालं? शुद्धलेखन तर बरोबर आहे," मी म्हणाले.

"बरोबर हाये," नाना म्हणाले.

"मग गोल कशाला?"

"पाह्य तूच." एवढं बोलून ते केळीला पाणी द्यायला निघून गेले.

मी तीन गोल पाहिले. मला वाटलं, म्हातारपण. त्यांच्या काळात सगळं 'आम्ही'च होतं. 'आम्ही'ला चेहरा नसतो, 'आम्ही'ला कोणी घाबरत नाही, असा माझा त्या वेळचा युक्तिवाद होता आणि तो मी मनातल्या मनात मोठ्या आवाजात केला. पत्रक तसंच छापलं. गावात, सावद्याला, रावेरच्या बसस्टँडवर लावलं. खळ मीच शिजवली.

आता चार तासांचा हिशेब साधा आहे. प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटं चाळीस सेकंदांत पळायचा आणि असं बेचाळीस वेळा करायचं. मोबाईलवर सरावाचं वेळापत्रक सापडलं. त्यात लिहिलं होतं की आठवड्यातून पाच दिवस पळायचं आणि एक दिवस लांब पळायचं. त्यात अक्काच्या चालीचा रकाना नव्हता. अक्का एक किलोमीटर दहा मिनिटांत चालायची, मधेच थांबून कोणाच्या तरी अंगणात "उठली का वं?" विचारायची.

पहिले चार दिवस मी रांगेच्या मागे चालून, मग परत जाऊन एकटी पळून पाहिलं. जमेना. पाचव्या दिवशी मी अक्काला म्हणाले, "अक्का, मी थोडी लवकर निघत जाईन. शर्यत झाली की परत आपण सोबत."

"जाय ना. आमचे पाय का ट्रकाचे हायेत, तुह्यासंगं पयायले?"

"बॅटरी..."

"घेऊन जाय तुही बॅटरी. आमाले काय, रस्ता ठाऊक हाये."

मी बॅटरी घेऊन गेले. मला लागत होती. अंधारात एकटी पळणार होते.

मी हे वाक्य लिहिताना दोनदा खोडलं. पण झालं ते हेच. पाचही जणींनी आठवडाभर बॅटरीशिवाय चालून पाहिलं. मग थंडी वाढली, एकीच्या सासूने विचारलं, "ते पत्रकवाली पोरगी पयून किल्ली आनू राह्यली ना? मंग तुमी कायले मरता रस्त्यावर?" आणि तेही खरंच होतं. मीच तसं छापलं होतं. हळूहळू रस्त्यावर मी एकटीच उरले.

ते तीन महिने मी इतकी एकटी होते की मला ट्रकांची ओळख झाली. एका ट्रकाच्या मागे मोर होता, एकाचा डावा दिवा बंद असायचा. बागांमधून ओल्या पानांचा वास यायचा, थेंब पानांवरून पानांवर पडत राहायचे आणि मला सारखं वाटायचं की मागून कोणी चालत येतं आहे. मागे वळले की कोणी नसायचं. परत येताना अक्काच्या घरावरून जायचे. ती अंगण झाडत असायची. आधी ती म्हणायची, "किती झाले?" मी म्हणायचे, "अठरा." मग ती नुसती मान हलवायला लागली. मग पाठमोरी झाडायला लागली.

घरी मी नानांना किलोमीटर सांगायचे. ते म्हणायचे, "जेवली का?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी एसटीने धुळ्याला गेले. देवपुरात लांबच्या एका आत्याकडे उतरले. नाना विचारतील, येऊ का, असं मला वाटलं होतं. मी बोलावलं असतं तर ते आले असते, हेही मला ठाऊक होतं. दोघांनीही विचारलं नाही. निघताना मी उरलेल्या पत्रकांतलं एक घेतलं, त्याच्या पाठीमागे कोऱ्या बाजूला बॉलपेनने तक्ता लिहिला. पाच किलोमीटरला अठ्ठावीस मिनिटं वीस सेकंद, दहाला छप्पन्न चाळीस, असं शेवटपर्यंत. घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत कमरेला खोचला.

सकाळी देवपुरातल्या मैदानावर चांगलीच थंडी होती. हे मैदान उघडं होतं, याची मी लगेच मनात नोंद केली. चिक्कार माणसं, सगळी घोळक्यांनी आलेली. एकमेकांचे नंबर छातीला टाचत होती. माझा नंबर मी घरीच टाचून आणला होता, जरा तिरका लागला होता. तो तिरका आहे हे सांगायला कोणी नव्हतं.

अशा शर्यतींत पेसर असतात. म्हणजे एक अनुभवी माणूस ठरलेल्या वेळेच्या चालीने पळतो, पाठीवर झेंडा लावलेला असतो, झेंड्यावर वेळ. तुम्हाला चार तासांत पोचायचं असेल तर चार तासांच्या झेंड्यामागे राहा. घड्याळ बघायला नको, तक्ता नको. चार तासांचा पेसर धुळ्याचाच होता. पन्नाशीचा, काटक, पांढऱ्या मिशा. कोणालातरी सांगत होता की तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. त्याच्या झेंड्यावर निळ्या अक्षरांत 'चार तास' होतं आणि त्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, केळीवर फवारायच्या औषधाच्या एका कंपनीचं नाव.

ते नाव मला पाठ होतं. फवारणी करणाऱ्या मजुरांना हातमोजे आणि तोंडाला फडकं द्या म्हणून नानांनी त्याच कंपनीविरुद्ध पत्रक काढलं होतं. त्या पत्रकाची खळ मी वाहिली होती.

पेसरने माझ्याकडे पाहून हात केला. "ये बहीन, चार तासवाली शेस ना? मना मांगे ऱ्हाय."

"मी जाहिरातीच्या मागे पळत नाही," मी म्हणाले.

त्याच्याभोवतीचे दहा-बाराजण हसले. तो रागावला नाही. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मंग पुढे पय. मी मांगेच शे."

आणि मी पुढे पळाले. माझी चूक म्हणजे ही. शर्यतीत सुरुवातीला जोरात पळू नये, हे मला माहीत होतं. मोबाईलवर होतं, पुस्तकात होतं, पायांनाही कळत होतं. पण तो झेंडा माझ्या पुढे गेला असता तर मला त्याच्या मागे पळावं लागलं असतं. आणि ज्या घरात दुसऱ्याच्या झेंड्यामागे जाऊ नये हे दुधासोबत पाजलं जातं, त्या घरातल्या मुलीला ते शक्य नव्हतं. म्हणून झेंडा मागे राहील एवढं जोरात पळणं भाग होतं. तत्त्वासाठी लोक तुरुंगात गेले आहेत. मी वीस सेकंद जास्त जोरात गेले, प्रत्येक किलोमीटरला.

पांझरेचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुकं होतं. शहरातून साक्री रस्त्याला लागलो. साडेएकवीसशे पावलं, की किती, मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दहा किलोमीटरला घड्याळात त्रेपन्न मिनिटं. तक्त्यात छप्पन्न चाळीस. मी साडेतीन मिनिटं पुढे होते. सूर्य पाठीमागून वर आला आणि माझी सावली पुढे लांब पडली. तिच्यामागे मात्र मी खुशाल पळत होते.

एकवीस किलोमीटरवर रस्त्यात एक पिंप ठेवलं होतं, त्याला वळसा घालून परत फिरायचं. घड्याळात एक तास बावन्न मिनिटं. सात मिनिटं पुढे. वळून परत आले तेव्हा समोरून तो झेंडा येत होता. त्याच्यामागे आता वीसेक माणसं होती, गप्पा मारत, एकमेकांना पाण्याची बाटली देत. पेसरने मला पाहून ओरडून विचारलं, "कसं काय शे, बहीन?"

मी अंगठा वर केला. तेव्हाच मला पहिल्यांदा मांडीत काहीतरी बारीक, दोरा ओढल्यासारखं जाणवलं.

यानंतर काय झालं ते सांगायला नाट्यमय काही नाही. मी पडले नाही, रक्त आलं नाही. फक्त किलोमीटर लांब होत गेले. तिसाव्याला माझ्याकडे अजून सहा मिनिटं जास्त होती. मग एकतिसावा किलोमीटर पळायलाच सहा मिनिटं लागली. तेहतिसाव्याला पाटीकडे बघून वाटलं की कोणीतरी ती उचलून पुढे नेऊन ठेवली आहे. पाय उचलायचा विचार आधी, मग पाय, असं दोन टप्प्यांत काम चाललं होतं. ऊन आता समोरून तोंडावर येत होतं. पुढे कोणी नव्हतं, दूरवर एक पिवळा बनियन. मागे कोणी नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, कापूस वेचून झालेल्या काळ्या काड्या. मी मोठ्याने स्वतःशी बोलायला लागले. "किल्ली, किल्ली, किल्ली," असं प्रत्येक पावलाला. मग तो शब्दच उरला नाही, नुसता आवाज.

पस्तिसाव्याच्या पुढे मागून पावलं ऐकू आली. तीन महिने केळीच्या बागांत मला मागून पावलं ऐकू येत आणि वळल्यावर कोणी नसे. या वेळी होतं. एकत्र पडणारी, वीस माणसांची, पावसासारखी पावलं. झेंडा माझ्या बरोबरीला आला.

"काय व्हयनं?" पेसरने विचारलं.

"काही नाही."

"चाल मंग. चार तास अजून हातमां शे. मना मांगे लाग."

मी झेंड्याकडे पाहिलं असणार. कारण तो म्हणाला, "झेंडा नको देखू. झेंडा तेस्ना शे, कंपनीना. पाय मना शेत. मना पाय देख."

मी त्याचे पाय पाहिले. साधे, टाचेला झिजलेले बूट, एका बुटाची नाडी वेगळ्या रंगाची. टप, टप, टप. त्याच्यामागच्या एका मुलीने सरकून मला जागा करून दिली. मी त्या जागेत शिरले आणि त्या पायांमागे पळाले. दोन किंवा तीन मिनिटं. त्या दोन-तीन मिनिटांत किती सोपं होतं ते मी सांगू शकत नाही. वारा लागत नव्हता. विचार करायला नको होता. कोणीतरी बाजूला श्वास घेत होतं.

मग माझ्या पायांनी नाही म्हटलं. आधीच्या तीस किलोमीटरांत जे उधळलं होतं ते परत येणार नव्हतं. एक हात अंतर पडलं, मग चार हात. ती मुलगी मागे वळून वळून पाहत राहिली. पेसर थांबू शकत नव्हता, त्याच्यामागे वीस जणांचे चार तास होते. त्याने फक्त एकदा हात वर केला, न वळता. झेंडा लहान होत गेला, त्यावरचं कंपनीचं नाव वाचता येईना, मग रंगही दिसेना.

मी चालायला लागले.

चालता चालता कमरेचा तक्ता काढला, अजून काही होऊ शकतं का ते बघायला. पिशवीत घाम शिरला होता. बॉलपेनचे आकडे पसरून निळा डाग झाला होता. मी कागद उलटा केला. छापलेली बाजू शाबूत होती. "मी येत्या हिवाळ्यात... पळेन. मी ही अट स्वीकारली आहे. मी पळून दाखवीन." गोल त्यावर नव्हते, ते प्रूफावर होते. पण मला दिसले. तीनही.

नानांचा तिसरा नियम मला साक्री रस्त्यावर सदतिसाव्या किलोमीटरला कळला. तीस वर्षांच्या त्यांच्या पत्रकांत 'मी' कुठेच नाही. अटकेत होते तेव्हाच्या पत्रकातही नाही. मैदान सहा जणींचं होतं. कोपर अक्काचं होतं. मी ते सगळं उचलून माझ्या दोन पायांवर ठेवलं होतं आणि आता पाय चालत नव्हते. अध्यक्षांनी मला फसवलं नाही. त्यांनी नुसता एक 'मी' पुढे सरकवला आणि मी तो झडप घालून घेतला.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून ती उठली.

"कोन लागेल शे तुना मांगे, माय?"

"कोणी नाही, आजी."

"मंग काबर पयी राहिनी? हयू चाल."

कशाला पळतेस, हळू चाल, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी थोडी रडले आणि थोडी पळाले, आलटून पालटून.

परतीला पांझरेच्या पुलावर धुकं नव्हतं. खाली कपडे धुणाऱ्या बायका दिसत होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज वर येत होता. पुलाच्या मधोमध माझ्या घड्याळात चार तास झाले. मी घड्याळ थांबवलं नाही. मैदानात शिरले तेव्हा चार तास अकरा मिनिटं झाली होती. कोणीतरी गळ्यात पदक घातलं. लोक आपापल्या माणसांना मिठ्या मारत होते, फोटो काढत होते. मी बाजूला भिंतीला टेकून बसले. फोन काढला आणि कोणाला लावावा ते कळेना. घोळक्यातून पेसर दिसला. झेंडा काढून त्याने भिंतीला उभा केला होता, उलटा, कंपनीचं नाव खाली. तो कोणाच्या तरी पोटऱ्या चोळून देत होता. मी त्याच्याकडे जायला हवं होतं. सकाळच्या वाक्याबद्दल माफी मागायला हवी होती. उठताच येईना, हे कारण मी स्वतःला दिलं.

संध्याकाळी घरी पोचले. नानांनी पायांकडे पाहिलं. "जेवली का?"

"चार-अकरा," मी म्हणाले.

"जेव आधी."

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. पहिलं पत्रक जिथे जिथे लावलं होतं तिथे तिथे हे लावणं भाग होतं, घरातली रीतच तशी. "मैदानाची किल्ली कोणाची?" पहिली ओळ तीच. मग: "चार तास अकरा मिनिटं लागली. हरले ती मी. सहा जणींचा हक्क पैजेवर लावायचा अधिकार मला नव्हता. आमची मागणी कायम आहे." नानांनी लाल पेन काढलं, वाचलं, 'पैजेवर'ची एक मात्रा नीट केली आणि कागद परत दिला. गोल नव्हता.

पत्रक घेऊन मी पाचही घरी गेले. तिघी दुसऱ्या दिवसापासून यायला लागल्या. चौथी म्हणाली, थंडी कमी झाल्यावर. अक्का अंगणात होती. मी पत्रक पुढे केलं.

"वाच तूच. माहा चष्मा घरात हाये."

मी वाचलं. ती झाडू हातात धरून उभी राहिली. शेवटी म्हणाली, "ते सभेत तुही ओढनी वढली व्हती म्या."

"हो, अक्का."

"फाटली तं नाही ना?"

"नाही."

"मंग जाय आता. मले पोरांची खिचडी टाकायची हाये."

अध्यक्षांना पत्रक मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी वाचून घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली, किल्लीपाशी. "अकरा मिनिटं, ताई. भाचाच जिंकला की!"

"भाच्याला नमस्कार सांगा, भाऊ. आम्ही पुढच्या सभेला येतो."

त्या सभेला आम्ही चौघी गेलो. कुलूप अजून आहे. पुढच्या सभेलाही जाऊ. सध्या आम्ही पहाटे रस्त्यावरच चालतो. मी सगळ्यांत मागे असते, लाल कागद लावलेली बॅटरी हातात धरून. अक्का अजून आलेली नाही. तिच्या घरापाशी आम्ही चाल हळू करतो. तिच्या खिडकीत दिवा असतो, कधीकधी पडदा हलतो, मग आम्ही पुढे जातो.

तुम्ही मात्र उद्या सकाळी एक काम करा. आपल्या गावचं, आपल्या वॉर्डाचं मैदान बघून या. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा, आणि ती सगळ्यांसाठी मागा. कोणी अट घातली तर घेऊ नका. एकट्याने जाऊ नका. आणि जाताना सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला पुढे ठेवा.